कस्टमची सूट वाढवली, की नुसती जागेवर आणली?

२०२६ चं बजेट झालं आणि लगेच २ फेब्रुवारीपासून नवे बॅगेज रूल्स लागू झाले, परदेशातून येताना ड्युटी न भरता आणता येणाऱ्या सामानाची मर्यादा ५० हजारांवरून ७५ हजार झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. "चला, दुबई पक्की", "मध्यमवर्गाचं ऐकलं बाबा एकदाचं" वगैरे वगैरे. आता पन्नास टक्के वाढ म्हटलं की ऐकायला भारीच वाटतं, पण मी आपला कॅल्क्युलेटर काढून बसलो आणि उत्साह तिथेच मावळला.

गणित अगदी साधं आहे. ५० हजारांची मर्यादा आली १ एप्रिल २०१६ ला. तेव्हा डॉलर होता ६६-६७ रुपयांना, म्हणजे सूट झाली साधारण ७५० डॉलरची. त्याच्या आधी २०१४ च्या जुलैत जेटलींनी ती ३५ हजारांवरून ४५ हजार केली होती, तेव्हा डॉलर ६० च्या आसपास, म्हणजे परत ७५० डॉलरच. त्याआधी २०१२ ला २५ चे ३५ हजार झाले, डॉलर पन्नाशीच्या थोडा वर, म्हणजे ७०० च्या जवळपास. आणि २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली तेव्हा आपले तेच ५० हजार किती उरले होते? साडेपाचशे डॉलर. आता ७५ हजार केले म्हणजे आठशेच्या थोडं वर. एवढा गाजावाजा करून आपण २०१४ ला जिथे होतो त्याच्या जरासं पुढे येऊन उभे राहिलोय, बास.

कोणी म्हणेल डॉलरचं कशाला सांगता, आपण रुपयात कमावतो. ठीक आहे, रुपयात बघू. इनकम टॅक्सवाले दरवर्षी महागाईचा एक आकडा काढतात, कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स, घर-जमीन विकली की कॅपिटल गेन काढायला सीए लोक तो वापरतात. २०१६-१७ ला तो २६४ होता, २०२५-२६ ला ३७६. त्या हिशोबाने ५० हजारांचे होतात ७१ हजार आणि वर थोडे. म्हणजे सरकारच्याच इंडेक्सने मोजलं तरी खरी वाढ फक्त पावणेचार हजारांची. तेवढ्यात एअरपोर्टवर चार जणांचं जेवण पण होत नाही.

मला इथे सूट कमी की जास्त हा वाद घालायचाच नाहीये. ७५ हजार ही रक्कम ठीकच आहे, जगाच्या मानाने वाईट तर अजिबात नाही. अमेरिकेत परतणाऱ्या तिथल्या माणसाला ८०० डॉलर, ऑस्ट्रेलियात ९०० ऑस्ट्रेलियन डॉलर, ब्रिटनमध्ये ३९० पाउंड, युरोपियन युनियनमध्ये विमानाने आलात तर ४३० युरो, आणि सिंगापूर, जिथून आपले लोक बॅगा भरभरून आणतात, तिथे त्यांच्या स्वतःच्या माणसाला दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून आला तर ५०० सिंगापूर डॉलर. म्हणजे आपण रांगेत बरेच पुढे आहोत. माझी तक्रार वेगळी आहे. हा आकडा नियमात रुपयात लिहून ठेवतात आणि मग विसरतात. रुपया घसरतो, महागाई वाढते, वस्तू महाग होतात, आकडा तिथेच. दहा वर्षांनी कोणाला तरी आठवण येते, मग तो 'दिलासा' म्हणून बजेटच्या भाषणात येतो. मधली दहा वर्षं काय होतं त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला नेमकं त्याच्याबद्दलच बोलायचंय.

सोन्याचं बघा, म्हणजे सगळं लख्ख दिसेल. वर्षापेक्षा जास्त परदेशात राहून परत येणाऱ्याला दागिने आणायची वेगळी सवलत असते, आठवड्याच्या ट्रिपवाल्याला नाही. २०१३ च्या बजेट भाषणात चिदंबरम यांनी स्वतः सांगितलं होतं की ही मर्यादा शेवटची वाढली ती १९९१ ला, मधल्या काळात सोनं महागलं आणि प्रवाशांकडून छळाच्या तक्रारी येतायत. बावीस वर्षं! पुरुषाला १० हजार आणि बाईला २० हजार अशी मर्यादा होती, ती ५० हजार आणि १ लाख केली. पुढे २०१६ च्या नियमांत वजन पण घातलं, पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅम, पण किमतीची अट तशीच ठेवून. आता २०१६ ला सोनं तोळ्याला २८-२९ हजार होतं, म्हणजे २० ग्रॅमचेच ५६-५८ हजार होत होते. नियमाची शाई वाळायच्या आधीच २० ग्रॅम हे ५० हजारांत बसत नव्हतं! आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला टेकला तेव्हा ५० हजारांत बसत होतं अर्धा तोळा. कागदावर २० ग्रॅम आणि हातात ५ ग्रॅम.

हे कोणाला लागतं? कोकणात खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस आखातात असतो, कोणी कुवेतला, कोणी सौदीला, कोणी दुबईत. हा माणूस दोन-दोन वर्षांनी घरी येतो, बहिणीचं लग्न काढलेलं असतं, त्याने महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून एक चेन आणि दोन बांगड्या घेतलेल्या असतात. हा काही स्मगलर नाही. नियम वाचून, २० ग्रॅमच्या आत राहूनच त्याने घेतलेलं असतं कारण त्याला कोणीतरी २० ग्रॅम एवढंच सांगितलेलं असतं, आणि विमानतळावर कस्टमच्या टेबलावर काट्यावर ठेवल्यावर वजन बरोबर भरतं पण किंमत दोन लाखांवर जाते. मग ड्युटी भर, नाहीतर सोनं ठेवून जा. ज्याच्यासाठी म्हणून ही सवलत काढली तोच माणूस तिच्यात अडकत होता, आणि तेही सोन्याचा भाव वाढला म्हणून, ज्यात त्या बिचाऱ्याचा काडीचा हात नाही.

दिल्ली हायकोर्टासमोर २०२५ ला अशा केसेसची रांगच लागली होती. अंगावरचे वापरातले दागिने काढून घेतलेले, नोटीस नाही, सुनावणी नाही, आधीच छापून ठेवलेल्या फॉर्मवर सही घेतलेली की मला नोटीसही नको आणि सुनावणीही नको. कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलं की असा छापील फॉर्म चालणार नाही, कायद्यात नोटीस सांगितली आहे तर ती द्यावी लागेल, आणि हे पण सुनावलं की सोन्याचे भाव कुठच्या कुठे गेलेत, नियम परत तपासा. शेवटी २०२६ च्या नियमात किमतीची अट काढून टाकली, आता फक्त वजन, बाईला ४० ग्रॅम, बाकीच्यांना २० ग्रॅम. उत्तम केलं. मनापासून सांगतो, अख्ख्या नव्या नियमांत मला आवडलेली गोष्ट हीच. भाव दोन लाख होऊ दे नाहीतर चार लाख, २० ग्रॅम म्हणजे २० ग्रॅमच. पुढची पंचवीस वर्षं कोणी ह्या कलमाला हात लावला नाही तरी ते कुजणार नाही.

मग जी अक्कल सोन्याला लावली ती बाकीच्या सामानाला का नाही लावली? परफ्यूम काही ग्रॅममध्ये मोजता येत नाही मान्य, पण आकडा कशाला तरी बांधता येतो की. सरकार कस्टमसाठी डॉलरचा दर दर पंधरवड्याला जाहीर करतंच, आयात-निर्यातवाले त्याच्यावरच चालतात. महागाईचा इंडेक्स दरवर्षी काढतंच, वर सांगितलाच. फक्त नियमात एवढं लिहायचं की सूट म्हणजे ८०० डॉलरइतके रुपये, दर १ एप्रिलला नवा आकडा, वरचे सुटे हजारात राउंड. संपलं. बजेटच्या भाषणात दिलासा नको, टाळ्या नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर पेढे नकोत.

ह्यावर एक ठरलेलं उत्तर येतं की नियम असे सारखे बदलता येत नाहीत, यंत्रणा असते, कर्मचाऱ्यांना कळवावं लागतं. हे ऐकलं की मला २०१३ चा ऑगस्ट आठवतो. तेव्हा लोक बँकॉक-दुबईहून फ्लॅट टीव्ही घेऊन येत होते, ३५ हजारांच्या सुटीत बराचसा बसायचा, विमानाच्या पोटात बॅगांपेक्षा टीव्हीचे खोके जास्त अशी गत. रुपया गडगडत होता, सरकारला डॉलर वाचवायचे होते, तर २६ ऑगस्टपासून टीव्हीची सूट बंद, सरळ ३६ टक्के ड्युटी. किती दिवस लागले कळवायला? काहीच नाही. २०१४ ला ड्युटी न भरता आणता येणाऱ्या सिगारेटी २०० वरून १०० वर आणल्या, तेही एका फटक्यात. म्हणजे सरकारला टोचलं की नियम आठवड्यात बदलतो आणि प्रवाशाला टोचलं की दहा वर्षं, कधी बावीस वर्षं. यंत्रणा तीच, कर्मचारी तेच.

आता मधल्या वर्षांत काय होतं ते. आकडा कुजला की साधा सरळ माणूस खोटं बोलायला शिकतो. कुठल्याही ग्रुप टूरमध्ये शेवटच्या रात्री हॉटेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारून बघा. दारं उघडी, पलंगावर पसारा, काकू नेलकटरने शर्टांचे टॅग कापतायत, काका फोनचा खोका चपटा करून पेपरात गुंडाळून बॅगेच्या तळाला घालतायत, चार्जरवरची प्लास्टिकची फिल्म नखाने सोललेली, नवीन घड्याळ हातात चढवलेलं आणि जुनं खिशात, मुलाच्या नव्या बुटांचे तळवे मुद्दाम फरशीवर घासलेले. बॅग लोंबकळत्या काट्याला लावून वजन बघायचं आणि चॉकलेटं नातवाच्या सॅकमध्ये सरकवायची. त्यात कोणीतरी जाणकार असतोच, "बिलं फाडून टाका हो, बिल सापडलं की मेलात". वास्तविक बिल हीच त्या माणसाची एकमेव ढाल असते, आणि तीच फाडून तो कचऱ्यात टाकतो, कारण त्याला पक्कं ठाऊक असतं की आपण मर्यादेच्या थोडे वर आहोत. निवृत्त मास्तर, बँकेतली माणसं, आयुष्यात कधी एसटीचं तिकीट न काढता बसली नाहीत अशी माणसं ही. ५५५ डॉलरच्या मर्यादेने त्यांना हे शिकवलं, ७५० असती तर त्यातल्या निम्म्यांना काही लपवायची वेळच आली नसती.

आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय होतं, तर मुभा वाढते. मर्यादा एवढी खाली असली की ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे 'ड्युटी लागेल असं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेने, जाणारा जवळजवळ प्रत्येक जण थोडाफार वर असतो, मग कोणाला थांबवायचं आणि कोणाला सोडायचं हे पूर्णपणे समोरच्याच्या मनावर. एकदा माझ्या पुढच्या बाईंची बॅग एक्स-रेवरून उतरवून टेबलावर उघडली होती, विमानतळाचं नाव सांगत नाही. सगळं बाहेर काढलं, खजुराची पाकिटं, बामच्या बाटल्या, एक हॅन्डबॅग, तीन परफ्यूम. साहेबांनी परफ्यूमचा खोका उचलला, फिरवून बघितला, स्वतःचा मोबाईल काढला आणि नाव टाईप केलं. भारतातल्या कुठल्याशा साईटवरची किंमत निघाली, छापील, डिस्काउंट न धरता. बाईंनी पर्समधून बिल काढून दाखवलं, सेलमध्ये एकावर एक फ्री घेतलेलं. साहेब म्हणाले, बिल कोणीपण देतं. आता ह्यात साहेब अगदीच चुकीचे होते असंही मी म्हणणार नाही, खोटी बिलं बनवून देणारी दुकानं असतातच, पण मग खरी किंमत कोणती? बिलावरची, फोनवरची, की साहेबांच्या मनातली? प्रवाशाला घरून निघायच्या आधी बघता येईल अशी किमतींची यादी कुठे लावलेली मी तरी आजवर पाहिली नाही. शेवटी घासाघीस होऊन कुठलातरी मधला आकडा ठरला. भाजीच्या गाडीवर ठरतो तसा. सरकारी कर हा असा ठरतो?

म्हणून आकड्याबरोबर दुसरी मागणी ही, की किंमत ठरवायची पद्धत लिहून भिंतीवर लावा. कार्डने पैसे भरल्याचं बिल असेल तर तीच किंमत, बिल नसेल तर अमुक साईटवरची त्या देशातली किंमत, वापरलेल्या वस्तूला इतकी घट. रोज त्याच शंभर वस्तू येतात हो, फोन, घड्याळं, परफ्यूम, हॅन्डबॅगा, गेमचे डबे, मेकअप. त्यांची यादी करायला किती वेळ लागणार? मर्यादेच्या आत बसणारा माल असूनही लोक त्या टेबलाला घाबरतात त्याचं कारण ड्युटी नाहीच, किती निघेल ह्याचा पत्ता नसतो हे कारण आहे.

ड्युटीच्या दराबद्दल पण बोलायला हवं. मर्यादेच्या वरच्या रकमेवर २०१८ पासून साडेअडतीस टक्के लागत आलेत, ३५ टक्के मूळ आणि त्याच्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. एक लाखाचा फोन आणला तर जुन्या मर्यादेत ५० हजारांवर १९,२५० रुपये व्हायचे, नव्या मर्यादेत २५ हजारांवर ९,६२५. अमेरिकेत ८०० डॉलरच्या वरच्या पुढच्या हजार डॉलरला सरसकट तीन टक्के असा दर ठेवलेला आहे. तीन आणि साडेअडतीस! तीन टक्के असतील तर माणूस स्वतःहून जाऊन भरेल, पावती घेईल आणि मोकळ्या मनाने टॅक्सी पकडेल. साडेअडतीसला तो टॅग कापत बसतो. गंमत अशी की ह्याच २०२६ च्या बजेटमध्ये परदेशातून स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचा मूळ दर २० वरून १० टक्के केला. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो तो वेगळा, तरी पण बघा, तीच हॅन्डबॅग कुरिअरने मागवली तर मूळ दर दहा आणि हातात धरून आणली तर मर्यादेच्या वर पस्तीस. स्वतः ओझं वाहणाऱ्याला जास्त दंड, असा हा न्याय. निदान वरच्या पहिल्या पन्नास हजारांना तरी एक कमी, सरळ दर ठेवला तर रेड चॅनेलमध्ये, म्हणजे सामान जाहीर करून ड्युटी भरणाऱ्यांच्या रांगेत, माणसं दिसायला लागतील, आज तिथे बहुतेक वेळा शुकशुकाटच असतो.

आणि ते पूलिंग! ह्याच्यावर माझा खास राग आहे. कुटुंबातल्या चौघांची सूट एकत्र करता येत नाही. प्रत्येकाला ७५ हजार, पण आपापले. दोन वर्षांपर्यंतचं तान्हं सोडलं तर लहान मुलालाही पूर्ण सूट असते, म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या वाट्याला कायद्याने ७५ हजारांची वेगळी सूट आहे, तो तिचं काय करणार, खेळण्यातल्या गाड्या आणणार पाच-सहा हजारांच्या. नवरा-बायकोची मिळून दीड लाखाची सूट, आणि एक लाखाचा एकच लॅपटॉ... नाही, लॅपटॉप सुटतो, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक माफ आहे, कॅमेरा धरा. तर एक लाखाचा एकच कॅमेरा आणला, बाकी काही नाही, तरी ड्युटी भरा. घरातल्या चौघांत मिळून तीन लाखांची सूट असून सव्वादोन लाखांची वाया. ऑस्ट्रेलियात एकत्र येणाऱ्या कुटुंबाला सूट एकत्र करू देतात, अमेरिकेत एका घरातल्या लोकांना एकच डिक्लेरेशन भरता येतं. आपल्याकडे रेशनकार्ड एक, गॅस एक, टूरचं बुकिंग एक, आणि कस्टमला आलं की चौघं एकमेकांना ओळखत नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि तिच्यात दम आहे. मुंबईत जे लोक सत्तर-ऐंशीच्या दशकात वाढले त्यांना मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हीरा पन्ना ही नावं सांगायला नकोत, तिथे 'फॉरेनचं' मिळायचं आणि ते कुठून यायचं हे पण सगळ्यांना माहीत होतं. सूट सैल सोडली की खेपिये येतात, म्हणजे दर आठवड्याला बँकॉक-दुबई करून दुसऱ्याचा माल स्वतःच्या सुटीत आणून देणारे. त्यांना तिकीट आणि वर थोडे पैसे मिळतात, माल दुकानात जातो, आणि इथे रीतसर आयात करून, जीएसटी भरून बसलेला दुकानदार आपटतो. दादरला किंवा लक्ष्मी रोडला दुकान चालवणाऱ्याने "आमचं काय" असं विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. पूलिंग दिलं तर अख्खं कुटुंबच खेपेला निघेल अशी भीतीही खोटी नाही.

पण त्याला उपाय सूट कुजवणं हा नाही. खेपिया ५० हजारांतही फिरत होता आणि ५५५ डॉलरातही फिरत होता, त्याचा धंदा वारंवारतेवर चालतो. तर वारंवारता धरा ना. २०१६ च्या आधीच्या नियमांत तीन दिवसांच्या आत परतणाऱ्याला सूट कमी असायची, ते कलम २०१६ ला काढून टाकलं, का काढलं देव जाणे. सिंगापूरला आजही ४८ तासांच्या आत परतलात तर १०० डॉलरच, कॅनडातही दिवसांप्रमाणे सूट बदलते. पासपोर्टवर एन्ट्री असते, कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, हा माणूस महिन्यात तिसऱ्यांदा आलाय हे एका क्लिकवर कळतं. वर्षातून दोनदा पूर्ण सूट, त्यानंतर निम्मी, असं काहीतरी करा, पूलिंग पण त्याच दोन वेळांना. म्हणजे पाच वर्षांनी एकदा सिंगापूरला जाऊन मुस्तफाच्या भल्यामोठ्या दुकानात तीन तास हरवणाऱ्या जोशी-पाटलांना खेपियाच्या मापाने मोजायला नको. आणि सोन्याचा अनुभव तर समोर आहे, २०२४ च्या जुलैत सोन्यावरची आयात ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली, चोरटं सोनं आणण्यातला नफा त्याच दिवशी निम्म्याहून कमी झाला. त्यासाठी कोणाच्या अंगावरची पाटली तपासावी लागली नाही.

एक आक्षेप अजून येतो आणि तो मला जास्त टोचतो. परदेशवाऱ्या करणाऱ्यांची कसली रड ऐकायची, देशात लोकांना इथल्या इथे भागत नाही. खरंय. परफ्यूम स्वस्त मिळावं म्हणून कोणी मोर्चा काढावा असं मीही म्हणत नाही. पण त्या टेबलासमोर फक्त टूरवाले नसतात. आखातातला वेल्डर असतो, बोटीवरून सहा-आठ महिन्यांनी उतरलेला खलाशी असतो, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आलेली आणि जावयाने दिलेल्या पिशव्या उघडूनही न बघितलेली आजी असते. बिझनेस क्लासवाल्याला कुठला कायदा, कुठलं कलम हे ठाऊक असतं, नाहीतर त्याच्या सीएला असतं. आजीला इंग्रजीतला फॉर्म पण वाचता येत नाही. नियम जेवढा धूसर तेवढा तो ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर पडतो. म्हणून मुंबईच्या टी-टूला, पुण्याच्या लोहगावला आणि नागपूरला ते सूटीचे बोर्ड मराठीत, मोठ्या अक्षरात, बॅगा येतात त्या बेल्टजवळ लावा, सगळं संपल्यावर बाहेरच्या दारापाशी नको. ह्याला तर बजेटचीही गरज नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर जे जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, कारण ह्या मला दर सुट्टीच्या सीझनला विचारल्या जातात. बिलं फाडू नका, फोनमध्ये फोटो पण काढून ठेवा आणि शक्यतो कार्डने पैसे द्या. येताना आपल्या विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून जे घ्याल ते पण ह्याच ७५ हजारांत मोजतात, ते वरचं फुकट नाही, आणि दारू माणशी दोन लिटर, त्याच्या वर गेलात तर ड्युटी डोळे पांढरे करणारी आहे. नेपाळ-भूतानहून रस्त्याने येत असाल तर हे ७५ हजार विसरा. जाताना अंगावर जास्त दागिने किंवा महागडा कॅमेरा असेल तर निघायच्या आधी कस्टमच्या काउंटरवरून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, अर्धा तास मोडतो पण परत येताना "हे इथूनच नेलंय" हे सिद्ध करत बसावं लागत नाही. मर्यादेच्या वर असाल तर सरळ रेड चॅनेलला जा, ग्रीनमधून जाऊन पकडले गेलात तर ड्युटीशिवाय दंड आणि माल जप्त, दोन्ही होऊ शकतं. टेबलावर कोणी छापील कागद पुढे केला आणि त्यात नोटीस नको, सुनावणी नको असं काही दिसलं तर सही करू नका, वाचायला वेळ मागा, रागावतील, रागावू द्या. आणि ड्युटी भरलीत तर पावती पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालून ठेवा, तोच कॅमेरा गळ्यात घालून पुढच्या वर्षी परत याल तेव्हा टेबलावर नवीन माणूस असेल.